‘पालकांचे दुर्लक्ष’ हा शेरा

‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटात रेखा आपल्या मुलीला न्यायला बालगृहात येते, तो प्रसंग मोठा नाही. मंजू आणि कृष्णा ही दोन पोरं एका लग्नातलं काम आटोपून रात्री परतताना पोलिसांच्या हाती लागलेली असतात. कृष्णाची रवानगी मुलांच्या सुधारगृहात, ‘चिल्लर रूम’मध्ये होते, मंजूलाही सरकारी घरात ठेवतात. रेखा वेश्यावस्तीत राहते आणि त्याच कमाईवर लेकीला वाढवते. ती लेक मागायला येते. तिला सांगितलं जातं की मुलगी आता सरकारकडेच राहील, कारण आई धंदा करणारी आहे. मुलीच्या भल्यासाठी म्हणून हे सांगितलं जातं. मायलेकींची ताटातूट होते ती तिथेच.

मीरा नायर यांचा हा चित्रपट १९८८ सालचा. पटकथा सूनी तारापोरवाला यांची. रेखाचं काम अनिता कंवर यांनी केलं, मंजूचा बाप असलेला दलाल नाना पाटेकरांनी. बरीचशी पोरं मुंबईच्या रस्त्यांवरचीच होती, त्यांची शिबिरं घेऊन त्यांच्याकडून कामं करून घेतलेली. कान महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द’ओर पुरस्कार मिळाला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत तो गेला. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा डी.एड. करत होते. वसतिगृहाच्या हॉलमधल्या टीव्हीवर आम्ही पंधरा-वीस मुली डोळे पुसत बसलो होतो आणि आमचा सगळा राग कृष्णाच्या आईवर होता.

कृष्णाची गोष्ट अशी. थोरल्या भावाच्या जाचाला वैतागून त्याने भावाकडच्या मोटारसायकलला आग लावलेली असते. आई त्याला सर्कशीत नेऊन सोडते आणि सांगते, नुकसानीचे पाचशे रुपये कमव आणि मगच घरी ये. एक दिवस सर्कस तंबू गुंडाळून निघून जाते आणि पोर मागेच राहतं. तिथून तो मुंबईला येतो, चहाचे ग्लास पोचवतो, ‘चायपाव’ म्हणून ओळखला जातो आणि एकेक रुपया साठवत राहतो. पोटच्या पोराला पाचशे रुपयांसाठी घराबाहेर काढणारी ही कसली आई, असं आम्ही त्या रात्री खोलीवर परतताना बोलत होतो. रेखाचा प्रसंग माझ्या लक्षातही राहिला नव्हता. उलट, त्या मुलीला तिथून बाहेर काढलं हे बरंच झालं, असं मला वाटलं असावं.

आता मी बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. आमच्याकडे दसरा उरकला की गाव रिकामं व्हायला लागतं. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोची जोडी साखर कारखान्याच्या हंगामाला, ऊसतोडीला जाते. त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, काही कर्नाटकात. परत येतात ते मार्च-एप्रिलात. मधले पाच-सहा महिने वर्गातली काही मुलं उसाच्या फडावर आणि काही मुलं आजी-आजोबांजवळ.

आम्हा शिक्षकांना प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. काही वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलीसमोर मी लिहिलं होतं, ‘गैरहजर राहते. गृहपाठ अपूर्ण. पालकांचे दुर्लक्ष.’ त्यातली अडचण मला दिसत होती. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, लहान भाऊ दोन वर्षांचा, पाणी लांबून आणायचं. हे दिसत असूनही लिहायची सवय तशीच होती. माझ्या आधीच्या बाईंनी तसंच लिहिलं होतं, शेजारच्या वर्गातही तसंच लिहिलं जात होतं.

पाडव्याच्या आसपास तिची आई परत आली आणि शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं. प्रगतिपुस्तक माझ्यापुढे धरून म्हणाली, काय लिव्हलंय ते सांगा. मी वाचून दाखवलं. तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, पोरगी ठिवून जा म्हणून तुम्हीच आल्ता ना घरी?”

मीच गेले होते. दसऱ्याच्या आधी आम्ही शिक्षक घरोघर जातो आणि मुलांना फडावर नेऊ नका, शाळा बुडते, म्हणून आईबापांना समजावतो. माझं ऐकून तिने लेकीला ठेवलं होतं. आणि ठेवलं म्हणून मी तिच्या नावावर दुर्लक्ष लिहिलं होतं. नेली असती तर शाळाबाह्य म्हणून लिहिलं असतं, तेही तिच्याच नावावर. दोन्हीपैकी काय केलं असतं तर तिच्या नावापुढे चांगलं लिहिलं गेलं असतं, हे मी तिला सांगू शकले नाही.

त्यानंतर मी ‘सलाम बॉम्बे’ पुन्हा पाहिला, आणि मला रेखा दिसली.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की गरिबाच्या मुलाच्या बाबतीत आपण ‘दुर्लक्ष’ हा शब्द फार लवकर वापरतो आणि वापरला की तपास थांबतो. त्या शब्दाला एकच आरोपी असतो, तो घरात राहणारा. रस्ता, दवाखाना, पाळणाघर, मजुरी, उचल यांतलं काहीच त्या शब्दात येत नाही. घरातल्या माणसांतही आरोपी बहुतेक वेळा आईच असते. ‘आईचं लक्ष नाही’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे, स्टाफरूममध्ये, अंगणवाडीत, दवाखान्यात. ‘बापाचं लक्ष नाही’ हे क्वचितच, आणि ऐकलं तरी त्यात राग नसतो.

कायद्याची भाषाही बराच काळ अशीच होती. मुलांसाठी आपल्याकडे आधी १९४८चा मुंबई बालक अधिनियम होता. १९८६ साली देशभरासाठी बालन्याय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७पासून लागू झाला, म्हणजे ‘सलाम बॉम्बे’ पडद्यावर यायच्या थोडंच आधी. त्यात मुलांचे दोन गट केलेले होते. एक गुन्हा केलेल्यांचा आणि दुसरा ‘उपेक्षित’ मुलांचा. उपेक्षित कोण? भीक मागताना सापडलेलं मूल. घर नसलेलं, पोट भरण्याचं उघड साधन नसलेलं निराधार मूल. ज्याचे आईबाप त्याला आवरायला अयोग्य किंवा असमर्थ आहेत ते. आणि कुंटणखान्यात वा वेश्येजवळ राहणारं मूल. कृष्णा दुसऱ्या व्याख्येत बसतो, मंजू शेवटच्या. रेखाने मंजूला मारलं का, उपाशी ठेवलं का, विकलं का, हे प्रश्न विचारायची त्या व्याख्येला गरजच नव्हती. आईचा धंदा कळला की मूल उपेक्षित ठरत होतं.

व्याकरण शिकवताना मी मुलांना विचारते, वाक्यात कर्ता कुठे आहे? ‘उपेक्षित’ या शब्दात कर्ता सांगावा लागत नाही. उपेक्षा झाली एवढंच कळतं, कुणी केली ते ज्याने त्याने भरून घ्यायचं. आणि आपण तिथे नेहमी आईबाप भरतो. ज्या शहरात लाखो माणसं फुटपाथवर आणि झोपड्यांत राहत होती, तिथे ‘घर नसलेलं मूल’ ही त्या मुलाच्या आईबापांची चूक कशी ठरते? घर नसणं हे त्या आईबापांच्याही वाट्याला आलेलं असतं. त्यांची उपेक्षा कुणी केली, हा प्रश्न त्या कायद्याच्या कुठल्याच कलमात नव्हता.

पुढे भाषा सुधारली, हे मान्य करायला हवं. २००० सालच्या कायद्याने ‘उपेक्षित’ शब्द काढला आणि ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असं म्हटलं. हा बदल मला मोठा वाटतो. मूल कसं आहे याऐवजी त्याला काय हवं आहे, ते नावातच आलं. २०१५च्या कायद्यात तर तत्त्वंच लिहून ठेवली आहेत. मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. त्याच कायद्याच्या ७५व्या कलमात मुलाला टाकून देणाऱ्यांना शिक्षा सांगितली आहे, पण पुढे एक ओळ अशी आहे, की जन्मदात्यांनी आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे मुलाला सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलेलं मानायचं नाही आणि शिक्षेची तरतूद लावायची नाही. ३५व्या कलमाप्रमाणे परिस्थितीपुढे हात टेकलेल्या आईबापांना मूल बालकल्याण समितीच्या स्वाधीन करता येतं, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी कुठेतरी अशी आई पाहिलेली असणार.

तरी जुनी वळणं गेलेली नाहीत. घर नसलेलं, उघड साधन नसलेलं मूल आजही व्याख्येच्या पहिल्याच ओळीत आहे. ‘अयोग्य’ आईबाप हा शब्दही टिकून आहे आणि कोण अयोग्य हे समितीने ठरवायचं आहे. भीक मागणं हा गुन्हा ठरवणारा १९५९चा कायदा मुंबईच्याच नावाने झाला. दिल्लीत त्याची बरीच कलमं उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. रेखाच्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर यायला १९ मे २०२२ उजाडला. बुद्धदेव करमास्कर प्रकरणातल्या निर्देशांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ आई देहविक्रीच्या व्यवसायात आहे म्हणून मुलाला तिच्यापासून तोडू नये. चित्रपट येऊन तोपर्यंत चौतीस वर्षं झाली होती. मंजूच्या वयाच्या मुली आया होऊन त्यांची मुलं मोठी झाली असतील इतका हा काळ.

रेखाला त्या दिवशी काय हवं होतं, याचा विचार मी बऱ्याचदा करते. तिचं काम रात्रीचं. खोली एकच. गिऱ्हाईक आलं की मूल बाहेर. मुलीने रात्री कुठे झोपायचं, हा तिचा खरा प्रश्न होता आणि तो सोडवता येण्यासारखा होता. हे मी हवेतून बोलत नाही. चित्रपट आला त्याच दशकाच्या अखेरीस ‘प्रेरणा’ संस्थेने कामाठीपुऱ्यात रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. आई कामावर असताना मूल तिथे जेवेल, अभ्यास करेल, झोपेल, आणि सकाळी आईकडे येईल. त्यासाठी आईला आधी अयोग्य ठरवावं लागत नाही. एकाच वस्तीत, एकाच काळात, एका बाईला सांगितलं जातं की तुझं मूल तुला मिळणार नाही, आणि दुसरीला विचारलं जातं की तू किती वाजता सुटतेस. या दोन वागण्यांत पैशाचा फरक फारसा नसेल. पाहण्याचा आहे.

कष्टकरी बाईचं मूल दिवसभर कोण सांभाळतं, हा प्रश्न आपल्या राज्याला माहीत नाही असं नाही. अंगणवाडी योजना १९७५ साली देशात ज्या पहिल्या तेहतीस ठिकाणी सुरू झाली त्यांत आपली धारावी आणि मेळघाटातली धारणी होती. पण अंगणवाडी काही तासांची असते, मजुरी दिवसभराची. १९४८च्या कारखाने कायद्याने तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर हवं म्हटलं. बांधकाम मजुरांच्या १९९६च्या कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर. साखर कारखाना हा कारखानाच आहे. पण त्याचा ऊस तोडणारी बाई त्याच्या हजेरीपटावर नाही, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो मी कारखान्याचा माणूस, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे. तिचं मूल उसाच्या पाचटावर झोपतं, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत राहतं, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे गोळा करतं. आणि मूल आजारी पडलं म्हणून ती एक दिवस बसली तर तिच्या हिशोबात खाडा लागतो. दिवसभराची मजुरी जाते ती जातेच, वर दंडही पडतो. आजारी मुलाजवळ बसायचे पैसे भरावे लागणाऱ्या बाईला आपण विचारतो, तुझं मुलाकडे लक्ष का नाही.

इथे कुणीतरी मला थांबवून म्हणेल, की मग मुलांना मारणारे, दारूपायी विकणारे, उपाशी ठेवणारे आईबाप नसतातच का? असतात. मी पाहिले आहेत. चित्रपटातही मंजूचा बाप आहेच. तो उपाशी नाही, बेघर नाही. त्याच्याजवळ पैसा आहे, वस्तीत वजन आहे, आणि पोरं त्याचा नशेचा माल विकतात. मुलीची त्याला काही पडलेली नसते. दुर्लक्ष हा शब्द कुणाला शोभत असेल तर त्याला. आणि चिठ्ठी कुणाच्या नावाने फाटते, तर रेखाच्या. दुर्लक्ष आणि दारिद्र्य यांची गल्लत केली की खरं दुर्लक्ष सुटून जातं, हेही मला त्यात दिसतं.

माझ्यापुढे हा प्रश्न एकदा अवघड होऊन आला. आठवीत गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीचं लग्न ठरल्याचं कळलं. वय तेरा. मी १०९८ला फोन केला. ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली, रस्त्यावरच्या मुलांसाठी. आज खेड्यातून फोन लावला तरी माणसं हलतात, याचा मला आधार वाटतो. लग्न थांबलं. आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतलं. मी पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा फोन करेन, यात मला शंका नाही. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न हा तिच्यावर होणारा अन्याय आहे आणि गरिबी हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

पण तिच्या आईने समितीपुढे जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. वयात आलेली पोरगी गावात म्हाताऱ्या सासूजवळ सहा महिने कशी ठेवू, आणि फडावर उघड्या कोपीत तरी कशी नेऊ? लग्न करून दिलं की ती कुणाची तरी जबाबदारी होईल, असा तिचा हिशोब होता. हिशोब चुकीचा होता. पण तो निष्काळजी बाईचा हिशोब नव्हता. ती रात्रंदिवस त्याच काळजीत होती. तिच्याकडून हमीपत्र घेतलं गेलं. मुलीला सहा महिने सुरक्षित ठेवायची हमी मात्र तिला कुणी दिली नाही. पुढच्या हंगामात मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली. शाळा सुटलीच.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. दुर्लक्ष हा शब्द लिहायच्या आधी विचारायचं, या घराला जे हवं होतं ते मिळालं असतं तर हे मूल नीट राहिलं असतं का? रात्री झोपायला जागा, आईला दिवसा चार तास सुटका, बापाला गावात काम, मुलीला वसतिगृह. उत्तर ‘हो’ आलं तर तो आईबापांचा दोष नाही, आणि मग त्यांच्याशी दोषी म्हणून बोलायचं नाही. सगळं मिळूनही मूल मार खात असेल, विकलं जात असेल, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. मदत आधी पोचवून पाहायची, निवाडा नंतर. आपल्याकडे उलटं होतं. निवाडा सगळ्यात आधी पोचतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

मदतीच्या योजना नाहीत असं नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत न घालता घरीच वाढावं म्हणून महिन्याला २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४००० रुपये आहेत. या योजनांमागचा विचार मला मनापासून पटतो, आणि ज्यांना ते पैसे वेळेवर मिळतात त्यांच्या घरात फरक पडलेला मी पाहिला आहे. एका विधवा आईने त्या पैशांतून आधी मुलाच्या चष्म्याचं काम केलं, मग लाइटचं थकलेलं बिल. पण अर्ज भरायला बसलं की तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. बाप वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला. तो कुठे वारला? फडावर, दुसऱ्या जिल्ह्यात. त्या दाखल्यासाठी बाईने दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चं भाडं मोडायचं. आणि आईबाप दोघं जिवंत, धडधाकट, फक्त कर्जात बुडालेले असतील, तर ते घर या योजनेत सहसा बसतच नाही. मोडल्यावर मदत, मोडायच्या आधी नाही.

‘रोख पैसे दिले तर दारूत जातील’ हे मी शिकलेल्या माणसांकडून ऐकते. काही घरांत जातील. पण त्याच वाक्याने आपण सगळ्या आयांना अविश्वासू ठरवतो. संस्थेत मूल ठेवलं तर इमारत, पहारेकरी, स्वयंपाकी, अधीक्षक यांच्यावर खर्च करायला आपली हरकत नसते. त्यातला एखादा भाग आईच्या हातात द्यायचा म्हटला की हिशोब आठवतो.

ऊसतोडीच्या मुलांसाठी सरकारने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. निम्मी मुलींची. हा निर्णय योग्य आहे आणि मी त्याच्या बाजूने कुठेही उभी राहीन. माझं मागणं असं, की दसऱ्याच्या आधी, गाड्या भरायच्या आधी, प्रत्येक आईला सांगता आलं पाहिजे, तुझी मुलगी या इमारतीत, या खाटेवर झोपणार, आणि ही तिची अधीक्षिका. हंगामी वसतिगृहाची मंजुरी दिवाळीनंतर येऊन उपयोग नाही. तोवर कोयते निघून गेलेले असतात, आणि मुलंही.

चित्रपटाकडे परत येते. कृष्णाला आईला पत्र पाठवायचं असतं. तो एका पत्रलेखकापुढे बसून मजकूर सांगतो. इरफान खान या नटाचं हे पडद्यावरचं अगदी सुरुवातीचं काम, काही क्षणांचं. पोराला गावाचा पत्ता नीट सांगता येत नाही आणि ते पत्र कुठे पोचणारच नसतं. पाचशे रुपयेही जमत नाहीत. साठवलेले पैसे चिलम, त्याचा एकुलता एक थोरला मित्र, नशेसाठी काढून घेतो. तरी पोराला घरीच जायचं आहे, हे शेवटपर्यंत दिसत राहतं. ज्या आईचा आम्ही वसतिगृहाच्या हॉलमध्ये राग राग केला, तिच्याकडेच. तिची बाजू आपल्याला ऐकायला मिळत नाही. पाचशे रुपये हे त्या घरात किती महिन्यांचं अन्न होतं, ते कुणाला द्यायचे होते, सर्कशीत निदान पोटाला मिळेल असं तिला वाटलं होतं का, काहीच कळत नाही. त्या वयात मी ती रिकामी जागा रागाने भरली होती.

कृष्णाचं काम केलेल्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवत होता, हे वर्तमानपत्रांत अनेकदा छापून आलं. ते वाचून लोक हळहळतात. मला वाटतं हळहळ रिक्षाबद्दल नको. कष्टाने घर चालवणारा माणूस तो. प्रश्न असा, की देशाने ज्याला पदक दिलं त्याच्या पुढच्या दहा वर्षांची जबाबदारी कुणाच्या वहीत लिहिलेली होती? चित्रपटातून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला आणि तो मुंबई-दिल्लीच्या रस्त्यांवरच्या मुलांसाठी आजही काम करतो. जगभर गाजलेल्या एखाद्या चित्रपटाने एवढं मागे ठेवलं, हे थोडं नाही. पण ट्रस्टने किती पुरं पडायचं?

चौथीतल्या त्या मुलीची आई परत हंगामाला गेली, त्याच्या पुढच्या हंगामालाही. मुलगी आता तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहते आणि दहावीला आहे. मी नोंदी लिहिते तेव्हा ‘पालकांचे दुर्लक्ष’ लिहीत नाही. लिहिते, ‘आई-वडील ऑक्टोबर ते मार्च ऊसतोडीला. आजीजवळ राहते. आजीला दिसत नाही, मोतीबिंदूच्या शिबिरासाठी नाव दिले आहे. धाकट्या भावाला सांभाळते. अंगणवाडी दुपारी सुटते. गावात हंगामी वसतिगृह नाही, १२ सप्टेंबरला मागणी पाठवली.’ मागे एका तपासणीत मला विचारलं गेलं, शेरा एवढा लांब का लिहिता, रकाना एका ओळीचा आहे. रकाना खरंच एका ओळीचा आहे. उरलेलं मी पानाच्या मागच्या बाजूला लिहिते.